लिनियाला शेजार हवा

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र परवा मिळालं. तिकडे स्कॉटलंडमधल्या पाइनच्या रानात लिनिया दिसते का, असं विचारलंस. दिसते, पण बघायला अगदी जमिनीवर बसावं लागतं. शेवाळावर बारीक खोडं सरपटत गेलेली, पेरापेराशी मुळं धरलेली. पानं करंगळीच्या नखाएवढी, समोरासमोर, बर्फाखालीही हिरवीच राहणारी. त्यातून बोटभर देठ वर येतो, टोकाला दुभंगतो आणि दोन्ही फाट्यांना एकेक फिकट गुलाबी घंटा मान खाली घालून लोंबते. आत डोकावलीस तर गडद रेघा आणि बारीक लव दिसेल. वास गोडसर, बदामाकडे झुकणारा.

जन्मभर ज्याच्या पद्धतीची नावं तू मुलांकडून घोकून घेतलीस, त्या लिनियसचं हे लाडकं फूल. त्याचा मित्र ग्रोनोवियस याने त्याचंच नाव याला दिलं. १७३२ साली लॅपलँड पालथा घालणारा तो तरुण पुढे उमराव झाला, तेव्हा कुलचिन्हातही त्याने हेच घेतलं. जगभरच्या वनस्पती दारात येत असताना त्याने जमिनीलगतची ही वेल आपली म्हणावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इथे स्कॉटलंडमध्ये मात्र तिचं बरं चाललेलं नाही. केवढा तरी ताटवा पाहून जीव सुखावतो, पण तो पुष्कळदा एकाच रोपाचा पसारा असतो. लिनियाला स्वतःचा पराग चालत नाही. माश्या फुलाफुलांवर बसतात, पण फुलं सगळी एकाच रोपाची, मग बी धरणार कसं? जुनी रानं तुटली, तुकडे उरले आणि दोन ताटव्यांमधलं अंतर त्या इवल्या किड्यांना पार होईना. फळाला चिकट केस असतात, जनावरांच्या अंगाला लागून ते लांब जाऊ शकतं. पण आधी फळ तर धरायला हवं! अशा जागेला नुसतं कुंपण घालून भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. केर्नगॉर्म्सच्या भागात दुसरीकडची रोपं आणून जुन्या ताटव्याशेजारी लावतात, ते खरं काम.

एक फूल वाळवून पाठव म्हणालीस. ते मी करणार नाही, रागावू नकोस. जुलैत तूच ये, तेव्हा ती फुललेली असते. वाटेत चढ नाही, तुला झेपेल. कॉलेजातलं भिंग आण आणि कपडे पूर्ण बाह्यांचे घे, इथली चिलटं फार चावतात. व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आत्ताच करून टाक.

तुझी,
चिऊ