गळ्यातला की खिशातला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीत मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि त्याच संध्याकाळी महालापासून धरमपेठेपर्यंत जागोजागी तान्हा पोळा भरतो. सकाळी अरुंद रस्ते, डोक्यावर ऊन, रेटारेटी, ढोल, गुलाल. संध्याकाळी मोकळं मैदान, लाकडी नंदी ओढत आलेली नटलेली पोरं आणि भराभर उतरत जाणारा उजेड. जुना डीएसएलआर घ्यावा की खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, असं कुणी विचारलं की मी या एका दिवसाबद्दल बोलायला लागते. नागपुरात राहून फोटो काढायचे असतील तर हा प्रश्न मेगापिक्सेलचा राहत नाही, उन्हाचा आणि माणसांचा होतो.

विचारणारे बहुतेक कॉलेजातले. "ताई, वीस-पंचवीस हजार जमले आहेत, सेकंडहँडमध्ये काय घेऊ?" प्रश्न रास्त आहे. एवढ्या पैशात नव्या मिररलेसची नुसती बॉडीही येत नाही. फोन हातात आहेच, पण ज्याला हे काम शिकायचं आहे त्याचे निम्मे निर्णय फोन परस्पर घेऊन टाकतो. आणि जुना माल बाजारात भरपूर आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ८० लाखसुद्धा नाहीत. साध्या कॉम्पॅक्टची गरज फोनने संपवली, डीएसएलआरची जागा मिररलेसने घेतली. कॅनन आणि निकॉन या दोघांची शेवटची नवी डीएसएलआर मॉडेलं २०२०ची आहेत. तेव्हा हौशी माणसांनी जपून वापरलेले चांगले कॅमेरे कपाटांतून निघून दुकानांत येताहेत, आणि ते शिकणाऱ्यांच्या हाती पडावेत असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडे दोन्ही आहेत. निकॉनचा डी९०, २००८चा. त्यावर ३५ मिलिमीटर एफ/१.८ची लेन्स लावली की वजन ९०० ग्रॅमच्या आसपास जातं. आणि सोनीचा पहिला आरएक्स१००, २०१२चा, बॅटरी-कार्डासकट २४० ग्रॅम. डी९०चा सेन्सर क्षेत्रफळाने आरएक्स१००च्या तिपटीहून मोठा, आणि साध्या कॉम्पॅक्टमधल्या नखाएवढ्या सेन्सरच्या तेरापट. कागदावरची तुलना इथपर्यंत पुरे. पुढचं सगळं बाहेर पडल्यावर कळतं.

बाहेर पडल्यावर पहिली गाठ पडते ती उन्हाशी. आरएक्स१००च्या पहिल्या दोन मॉडेलांना डोळा लावायला व्ह्यूफाइंडरच नाही; तो २०१४च्या तिसऱ्या मॉडेलपासून आला. एप्रिलच्या दुपारी बर्डीच्या चौकात स्क्रीन पाहायला जावं तर त्यात आभाळ दिसतं, आपल्याच ओढणीचा रंग दिसतो आणि समोरचा माणूस तेवढा दिसत नाही. अशा वेळी फ्रेम अंगाने ओळखावी लागते: २८ मिलिमीटरला एवढ्या अंतरावरून माणूस डोक्यापासून गुडघ्यापर्यंत बसतो, आणखी एक पाऊल मागे गेलं तर पायांसकट. हे सवयीने जमतं. नवख्याला जमत नाही, आणि त्याला वाटतं आपल्यालाच फोटो काढता येत नाहीत.

डी९०ला डोळा लावला की चौक जसा आहे तसा समोर येतो. आरशावरून आणि काचेच्या पेंटाप्रिझममधून तोच उजेड डोळ्यापर्यंत पोचतो, कुठलाही इलेक्ट्रॉनिक स्क्रीन मध्ये नाही. ऊन जितकं कडक तितकं आतलं चित्र स्वच्छ. पण इथे एक गोष्ट बघून घ्यावी. निकॉनच्या डी३१००सारख्या स्वस्त बॉड्यांमध्ये प्रिझमऐवजी आरसे बसवलेले असतात, त्यांचं व्ह्यूफाइंडर लहान आणि अंधारं वाटतं. शिवाय त्यांच्यात फोकसची मोटर नसल्याने जुन्या एएफ-डी लेन्सचा फोकस हाताने फिरवावा लागतो. हजार-दोन हजारांचा फरक असेल तर डी९० किंवा डी७००० घ्यावा.

म्हणजे उन्हात डीएसएलआर जिंकला? नाही ना. मारबतीच्या सकाळी हेच ऊन उलट फिरतं.

काळी मारबत १८८१पासून निघते, पिवळी १८८५पासून. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. ऊन असलं तर ते थेट माथ्यावर. मारबत उंच, तिच्याखाली, तिच्या सावलीत, तिला ओढणारी माणसं. वर आभाळ पांढरं फटक, खाली चेहरे काळेठिक्कर. चेहरे उजळवले तर आभाळ जळतं आणि मारबतीचा मुखवटाही त्यात जातो. आभाळ धरलं तर माणसं जातात. आणि या मिरवणुकीत मला माणसंच हवी असतात. ईडा-पीडा घेऊन जा म्हणून ओरडताना त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या असतात.

उपाय फ्लॅशचा, भर उन्हात. डी९०चं शटर म्हणजे सेन्सरपुढून सरकणारे दोन पडदे. सेकंदाच्या १/२००हून वेग वाढवला की दोन्ही पडदे एका क्षणी पूर्ण उघडे नसतात, मधून फक्त एक फट सरकत जाते. अंगच्या फ्लॅशला म्हणून १/२००चीच मर्यादा. आयएसओ २००ला, रखरखीत उन्हात १/२०० ठेवायचं तर छिद्र एफ/१६पर्यंत आवळावं लागतं, आणि त्या छिद्रातून अंगचा फ्लॅश जेमतेम एक मीटर पोचतो. आरएक्स१००चं शटर लेन्सच्या आत, पात्यांचं. ते १/२०००लाही फ्लॅशला साथ देतं. आयएसओ १२५, १/२०००, एफ/४: ऊन तेवढंच, पण छिद्र चौपट रुंद. त्यामुळे बोटाच्या पेराएवढा फ्लॅश डी९०च्या कितीतरी दांडग्या फ्लॅशच्या बरोबरीने काम करतो. शिवाय १/२००० असल्यामुळे उडालेला गुलाल हवेतच थांबतो, कणन् कण वेगळा. रेट्यात हात हलला तरी चिंता नाही. गर्दीत मी माणसापासून एक हात अंतरावरच असते, तेवढा फ्लॅश पुरतो.

मारबतीला कॉम्पॅक्ट नेण्याचं दुसरं कारण बाईमाणसाचं आहे. मारबतीच्या गर्दीत पुरुष जास्त. मला एक हात मोकळा लागतो, भिंत धरायला, कुणाला बाजूला सारायला. ९०० ग्रॅम दोन्ही हातांनी डोळ्याशी धरून उभी राहिले तर मला आजूबाजूचं काही दिसत नाही. कॉम्पॅक्ट एका हातात मावतो, दोरी मनगटात, दोन्ही डोळे उघडे.

लहान कॅमेऱ्याने मोठं काम होत नाही असं अजूनही लग्नाच्या हॉलमध्ये ऐकायला मिळतं. मॅग्नम संस्थेच्या अॅलेक्स माजोलीने या शतकाच्या सुरुवातीला युद्धभूमीवरचे फोटो ऑलिंपसच्या कॉम्पॅक्टने काढले. जपानचे दाइदो मोरियामा वर्षानुवर्षं खिशातला रिको जीआर घेऊन रस्त्यांवर फिरले. उलट होमाई व्यारावाला दिल्लीत साडी नेसून स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा वागवत होत्या, आणि सत्तांतराच्या काळातली दिल्ली आपल्याला त्यांच्यामुळे दिसते. आपापल्या कामाला काय लागतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मोठ्या कॅमेऱ्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: तो सांगून येतो. गळ्यात डीएसएलआर दिसला की इतवारीतला दुकानदार विचारतो, "काहून काढू राहिल्या फोटो? पेपरात येईन का जी?" या प्रश्नात त्याचा हक्क आहे. मी काय करते, फोटो कुठे जाणार, हे मला तिथेच सांगावं लागतं, आणि तो नको म्हणाला तर पुढे जावं लागतं. खिशातला कॅमेरा पाहून कुणी काही विचारत नाही. घरच्या अल्बमसाठी काढत असेल असं समजतात. त्या समजुतीचा फायदा घेऊ नये. कॉम्पॅक्ट मी कमरेपाशी लपवून वापरत नाही, चेहऱ्याच्या उंचीवर, दिसेल असा धरते, आणि सल्ला विचारणाऱ्या मुलांनाही तेच शिकवते.

दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर मी डीएसएलआरच नेते, गर्दी लाखोंची असली तरी. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली तिथे लांबलांबून घरंच्या घरं येतात. हातात नव्याने घेतलेली पुस्तकं, अंगावर पांढरे कपडे. त्यांना चोरून टिपलेला क्षण नको असतो, नीट उभं राहून, स्तूप मागे घेऊन काढलेला फोटो हवा असतो. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की आजी पदर सारखा करते, बाप पोराचा भांग हाताने बसवतो. त्यांनी या प्रवासाला जे मोल दिलेलं असतं तेवढंच आपण फोटोला द्यावं, आणि तिथे अवजार मोठं असल्याचा उपयोग होतो. कॉम्पॅक्ट पुढे केला की हीच माणसं हसून ओळ मोडतात.

तान्हा पोळाही डीएसएलआरचा. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळापासूनचा हा पोरांचा पोळा. कुणी शंकर, कुणी शेतकरी, कुणी झाशीची राणी. दोरीला चाकांवरचा नंदी. पोरं स्थिर राहत नाहीत आणि उजेड थांबत नाही. आरएक्स१००ची लेन्स एफ/१.८ म्हणतात ती फक्त २८ला. झूम करत गेलं की तिचं तोंड आकसत जातं, शेवटी एफ/४.९. आणि २८ने पोराचा चेहरा जवळून काढावा तर नाक पुढे, कान गायब. डी९०वर ३५ची लेन्स साधारण ५०सारखी दिसते आणि एफ/१.८ कायम राहतं. गुडघ्यावर बसायचं, डोळा पोराच्या डोळ्यांच्या रेषेत, आयएसओ १६००. थोडे दाणे येतात. येऊ द्यावेत, चेहऱ्यावरचा दिव्याचा पिवळा उजेड त्यात छान बसतो.

विकत घेताना इथलं हवामान विसरू नये. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस लिहिलेली असते, आणि नागपूरने मे २०१३मध्ये ४७.९ पाहिलं आहे. गाडीत ठेवलेल्या कॅमेऱ्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. डी९०च्या पिढीतल्या निकॉनचं पकडीचं रबर फुगतं, सुटतं; ते चिकटवून घेता येतं, त्यासाठी चांगली बॉडी नाकारू नका. शटर १ लाख वेळांसाठी तपासलेलं असतं आणि निकॉनच्या फोटोच्या फाइलीतच काउंट नोंदलेला असतो, तो दुकानदाराला दाखवायला लावा. सेन्सरवर धूळ असली तर ती साफ होते. कॉम्पॅक्टचं दुखणं नेमकं इथे आहे. आत-बाहेर होणारी लेन्स प्रत्येक वेळी हवा ओढते, हवेबरोबर आपल्या रस्त्यांची धूळ, आणि ती काढायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. घेताना झूम अनेकदा उघडबंद करून कुरकुर होते का ऐका, मग छिद्र सगळ्यात बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. डाग दिसला तर कॅमेरा परत ठेवा.

हल्ली २०१०च्या आधीचे छोटे कॅमेरे सीसीडी सेन्सरच्या 'रंगां'साठी चढ्या भावाने विकले जातात. त्या रंगांत सेन्सरपेक्षा त्या वेळच्या जेपेग प्रक्रियेचा वाटा जास्त, असं माझं मत आहे. त्यापायी पैसे घालवू नयेत.

तर शिकायला पहिला कॅमेरा कुठला? डीएसएलआर, प्रिझमवाला, एकाच लेन्ससकट. वेग आणि छिद्र दोन बोटांच्या दोन चाकांवर असतात, नजर न हटवता बदलता येतात, आणि ते बदल हाताला कळू लागतात. कॉम्पॅक्ट त्यानंतर.

एका मुलीला मात्र मी सरळ कॉम्पॅक्ट घे म्हणून सांगितलं. तिचे वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. तिला त्यांचंच काम टिपायचं आहे: संत्र्यांचे ढीग, लिलावाची गर्दी, पाठीवरचं ओझं. वडिलांचे सोबती तिला लहानपणापासून ओळखतात. तिला कुठून आली म्हणून विचारणारं तिथे कुणी नाही. मोठा कॅमेरा नेला असता तर ती त्यांच्यासाठी पाहुणी झाली असती आणि सगळे काम थांबवून उभे राहिले असते. तिने जुना आरएक्स१०० घेतलाय. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबरच्या सुमारास येऊ लागतो. तोवर झूमला हात लावायचा नाही, २८वरच काम करायचं, असं आमचं ठरलं आहे.