तुओ नदीकाठची सकाळ

फंगहुआंगमधल्या पहिल्या रात्री मी वैतागलो. लेखक शेन त्सोंगवन यांचं हे जन्मगाव. त्यांच्या ‘बॉर्डर टाउन’ (१९३४) या कादंबरीतली शांत नदी डोक्यात घेऊन मी हुनान प्रांतात आलो होतो. इथे मात्र नदीकाठी खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी घरांत बार, कर्कश गाणी आणि भाड्यानं घेतलेले मियाओ पोशाख घालून फोटो काढणारी गर्दी.

सकाळी सहाला पुन्हा काठावर गेलो. एक आजी पाण्याशी बसून लाकडी दांड्यानं कपडे बडवत होत्या. हेच तर हवं होतं! मी फोन वर केला. त्यांचा हात थांबला, तोंड फिरलं.

रात्रभर ज्या गर्दीला नावं ठेवली, तिच्यातलाच मी एक. फोन खिशात टाकला. जरा वेळानं धपधप पुन्हा सुरू झाली.