स्टार्ट आणि इनेबल : आमच्या शाळेतल्या एका संगणकाची गोष्ट



आज संगणकाबद्दल लिहिणार आहे. पण घाबरू नका, मी काही संगणकाची शिक्षिका नाही. डी.एड. झालेली साधी प्राथमिक शिक्षिका आहे. जे चुकलं आणि चुकून जे शिकले, तेवढंच सांगते.

आमची शाळा पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. गावातल्या एका माजी विद्यार्थ्याने पुण्याहून जुना संगणक आणून दिला. त्यात फेडोरा नावाची लिनक्स प्रणाली बसवली आणि पुस्तकांच्या देवघेवीसाठी एक छोटा प्रोग्रामही करून दिला. कोणतं पुस्तक कुणाकडे आहे, कधी नेलं, कधी परत आलं, हे सगळं त्यात. या नोंदी जिथे साठतात त्याला डेटाबेस म्हणतात आणि त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामला डेटाबेस सर्व्हर. आमचा सर्व्हर मारियाडीबी. हे नाव तो बनवणाऱ्या मायकेल विडेनियस यांच्या धाकट्या मुलीचं, मारियाचं. त्यांच्याच आधीच्या मायएसक्यूएलमधलं 'माय' हे थोरल्या मुलीचं नाव. वर्गात सांगितलं तेव्हा पोरं जाम खूश झाली. एक जण म्हणाला, "बाई, मग आपल्याला भाऊ चालला न्हाई व्हय?"

आता अडचण सांगते. कोयना धरण आमच्याच तालुक्यात. कोयना प्रकल्पाची वीज १,९६० मेगावॅट. पण पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की आमच्याकडे दिव्याखाली अंधार. रात्री लाइट जायची, संगणक बंद पडायचा. सकाळी बटण दाबलं की तो सुरू व्हायचा, ग्रंथालयाचं पानही उघडायचं. पण त्यावर एकच ओळ : डेटाबेसशी संपर्क होत नाही.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा त्या माजी विद्यार्थ्याने फोनवर एक आज्ञा लिहून घ्यायला लावली. सुडो, सिस्टिमसीटीएल, स्टार्ट, मारियाडीबी. इंग्रजीत हे चार शब्द टाइप करायचे, एंटर, पासवर्ड. झालं! मी ती आज्ञा माझ्या डायरीत लिहून ठेवली आणि रोज सकाळी आल्या आल्या मारू लागले. खरं सांगू? मला ते आवडायचंही. "मॅडमशिवाय हे मशीन चालत नाही बघा," असं सहकारी म्हणायचे आणि मी हसायचे.

मग जुलैत मला प्रशिक्षणाला जावं लागलं. पाच दिवस. डायरी माझ्या पर्समध्ये, पासवर्ड माझ्या डोक्यात. तिसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला, "मॅडम, तुमचं मशीन रुसलंय. मुलं पुस्तकं घेऊन उभी आहेत, काय करू?" मी सत्रात बसलेली. म्हटलं, "राहू द्या गुरुजी, मी आल्यावर बघते."

चौथीतली एक मुलगी वरच्या वस्तीवरून चालत येते. ती त्या दिवशी पुस्तक परत करायला आली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. नोंद होत नाही म्हणून गुरुजींनी तिला पुस्तक परत घरी न्यायला सांगितलं. त्यांचंही चुकलं नाही, कारण नोंद संगणकातच करायची असा नियम मीच केला होता. वाटेत पाऊस आला, पिशवी फाटली आणि पुस्तक भिजलं. ती दोन दिवस शाळेत आलीच नाही. मी परतल्यावर तिच्या घरी गेले. दारामागूनच म्हणाली, "बाई, मी मुद्दाम न्हाई भिजवलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुस्तक पन्नास-साठ रुपयांचं. प्रश्न पुस्तकाचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी त्या माजी विद्यार्थ्याला नीट विचारलं, "हे रोज मला का सांगावं लागतं?" तो म्हणाला, "बाई, तुम्ही रोज स्टार्ट करताय. इनेबल कधी केलंच नाही. चूक माझी, मी सांगायला हवं होतं."

स्टार्ट म्हणजे 'आत्ता सुरू कर'. संगणक बंद झाला की ते विसरलं जातं. इनेबल म्हणजे 'यापुढे संगणक सुरू होईल तेव्हा तूही सुरू हो'. आपल्या परिपाठासारखंच हे. घंटा, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, हजेरी हा क्रम कुणी रोज नव्याने सांगत नाही, तो ठरलेला असतो. लिनक्समध्ये हा क्रम आता बहुतेक ठिकाणी सिस्टिमडी पाहतं. ते २०१० मध्ये आलं. त्याआधी सुरू करायच्या कामांच्या फायलींना 'एस' अक्षर आणि पुढे क्रमांक द्यायचे आणि त्या क्रमाने एकेक काम सुरू व्हायचं. अगदी हजेरीपटासारखं! आता इनेबल म्हटलं की सिस्टिमडी आपल्या यादीत त्या सेवेकडे बोट दाखवणारी एक खूण ठेवतं, एवढंच. आमच्या संगणकात पान दाखवणारी सेवा या यादीत होती, डेटाबेस नव्हता. म्हणून पान उघडायचं आणि आत काही नसायचं. उबुंटू किंवा डेबियनमध्ये मारियाडीबी बसवतानाच बहुधा ही खूण होते. फेडोरात आपल्याला करावी लागते.

मी स्टार्टच्या जागी इनेबल लिहून एंटर मारलं. एका ओळीचं काम, आणि मी वर्षभर रोज सकाळी तीच वेठ करत होते!

पण एवढ्यावर थांबू नका. तीन गोष्टी सांगते. एक, इनेबल केल्यानं सेवा त्या क्षणी सुरू होत नाही, पुढच्या वेळी होते. दोन्ही हवं असेल तर इनेबलपुढे दोन आडव्या रेघा आणि 'नाऊ' लिहायचं. दोन, आज्ञा दिली म्हणजे काम झालं असं मानू नका. संगणक मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करा आणि काही न टाइप करता पान उघडतंय का ते पाहा. आपण शिकवलं म्हणजे मुलांना आलं असं नसतं, तसंच हे. तीन, आपोआप सुरू होणं म्हणजे नोंदी सुरक्षित असणं नव्हे. अचानक लाइट गेली तर मारियाडीबी आपल्या कच्च्या नोंदींवरून बहुतेक वेळा सावरतो, पण डिस्कच गेली तर काय? म्हणून दर शनिवारी आम्ही नोंदींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतो.

आणि चौथी गोष्ट, संगणकाबाहेरची. टेबलावर आता एक साधी वही आहे. मशीन रुसलं तर तिच्यात लिहायचं, पुस्तक मात्र घ्यायचं. पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात. वही सांभाळायचं काम मी त्या चौथीतल्या मुलीला दिलं. आधी तिला भिजलेलं पुस्तक वाळवून, नवा कागद लावून परत दिलं.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा दोन दिवस शाळेत नव्हते. रात्री लाइट गेली होती. फोन येईल म्हणून मी वाट पाहत होते. आला नाही. थोडं चुकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. परतल्यावर वही उघडली. एकही नोंद नव्हती. संगणकात मात्र दोन दिवसांत एकोणीस पुस्तकं गेली होती.

तुमच्या शाळेत किंवा घरात असं एखादं काम आहे का, जे फक्त तुम्हीच रोज स्टार्ट करता? या आठवड्यात एकदा बघा जरा.