मधुचंद्राचे वेळापत्रक

आगगाडीचे वेळापत्रक ललित वाङ्मय म्हणून वाचणारी माणसे जगात थोडीच असतील. त्यांतली मी एक. कविता शिकवून पोट भरते, पण रात्री उशाशी असते ते वेळापत्रकच. कल्याणात जन्मलेल्या बाईचा यात फारसा दोष नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला थांबली, आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, गाडी कल्याणपर्यंत आली. तेव्हापासून आमच्या गावची पोरे पाढ्यांच्या आधी गाड्यांच्या वेळा पाठ करीत असावीत. त्यामुळे भाचीचे लग्न ठरले आणि मधुचंद्र युरोपात करायचा बेत निघाला, तेव्हा घरच्या मंडळींनी हॉल, केळवणे, मानपान ही खाती आपापसांत वाटून घेतली आणि युरोप माझ्याकडे आला. मी स्वतः तिकडे पाऊल ठेवलेले नाही. पण ग्रहांची गणिते मांडणारा जोशी कुठे मंगळावर जाऊन आलेला असतो?

‘मधुचंद्र’ हा शब्दच मुळी इंग्रजीवरून जसाच्या तसा उतरवलेला. आमच्याकडे त्याआधी काय होते? जोडीने जेजुरीला जायचे, नवऱ्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, तळी भरायची आणि परत यायचे. बरोबर सासू, सासरे, नणंद आणि तिची दोन मुले. एवढ्या गर्दीत त्या दोघांनी एकमेकांशी काय बोलावे! तेव्हा नव्या पद्धतीला मी नावे ठेवीत नाही.

एका रविवारी दोघे कागद घेऊन आली. बारा दिवस, सात गावे! पॅरिस, ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅम, ल्युसर्न, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. जावईबापूंना हा सारा प्रवास मोटारीने करायचा होता, आणि मोटार तेच हाकणार होते. भाचीला आगगाडीनेच जायचे होते. पैसे दोघांनी घराच्या पहिल्या हप्त्यासाठी साठवलेले, त्यांतलेच काही खर्चायचे होते. म्हणून वादाला धार अधिक. मी चहा टाकेपर्यंत तो ‘तुझं नेहमीचंच’ इथपर्यंत आला होता. लग्नाआधी ‘नेहमीचंच’ हा शब्द ऐकू आला की मोठ्या माणसांच्या काळजात धस्स होते.

“घाटात मला मळमळतं, हे याला माहीत आहे,” भाची म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

जावईबापू जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मावशी, कॉलेजात गेलो तेव्हापासून बारा वर्षं मी डोंबिवलीहून गाडीला लोंबकळतोय. मधुचंद्रालाही गाडीच?”

आतून भाचीचा आवाज आला, “तीन वर्षं आपण एकाच गाडीने जातो. तू डोंबिवलीला चढतोस, मी ठाण्याला. तू तुझ्या डब्यात, मी बायकांच्या. एकदा तरी ऑफिसला जाताना शेजारी बसलोय का?”

याला उत्तर नव्हते. मला तर दोघांचेही म्हणणे पटले, आणि ते एकच आहे असे वाटले. पण तसे न बोलता मी नकाशा पसरला. भांडण नकाशावर आले की निम्मे विरते.

आधी तिथीचा प्रश्न. लग्न मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबरात. तेव्हा पॅरिसला संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य मावळतो आणि आल्प्समधले उंच घाटरस्ते बर्फाने बंद असतात. म्हणून लग्नानंतर दोन दिवस माथेरान आणि युरोप मे महिन्यात, असे ठरले. ताईने “सहा महिन्यांनी कसला मधुचंद्र!” म्हणून नाक मुरडले. मुरडू द्या. मे महिन्यात तिकडे रात्री नऊ वाजता उजेड असतो, हे तिला पंचांगातून दाखवता येईना.

मग गावे गाळली. प्रत्येक गाव बदलणे म्हणजे सामान आवरणे, स्टेशन गाठणे, नवी खोली शोधणे. यात अर्धा दिवस जातो. ब्रसेल्स आणि ॲम्स्टरडॅम गेली, दिवस वाढले. विमानाने पॅरिसला उतरायचे आणि रोमहून परतायचे, म्हणजे उलट फेरा नको. मोटार एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर भाड्यावर जबर आकार पडतो. फ्रान्स-इटलीत टोल, आणि स्वित्झर्लंडच्या हमरस्त्यांसाठी काचेवर चाळीस फ्रँकचा वार्षिक परवाना. हे ऐकून जावईबापू थोडे नरमले. व्हेनिसमध्ये तर मोटार पियात्साले रोमापाशीच ठेवावी लागते, जशी माथेरानला दस्तुरी नाक्यावर. फ्लॉरेन्स आणि रोमच्या जुन्या भागांत परवान्याशिवाय गाडी घातली की कॅमेरा टिपतो आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी थेट डोंबिवलीला येतो.

रेल्वेचा पासही आम्ही तोलून पाहिला. सत्तावीस वर्षांपर्यंत तरुणांची सवलत. म्हणजे त्यांच्या लेखी सत्तावीस वर्षांची भाची तरुण आणि एकोणतीस वर्षांचे जावई प्रौढ! भाचीने याचा पुरेपूर वापर केला. पण पास असूनही फ्रान्स आणि इटलीच्या जलद गाड्यांत जागेचे पैसे वेगळे भरावे लागतात. चारच लांबचे प्रवास असताना महिनोन् महिने आधी सुटी तिकिटे घेणे स्वस्त पडते.

पॅरिसहून तीन तासांत बाझेल, तिथून तासाभरात ल्युसर्न. पुढे मिलानकडे जाताना गोटहार्डचा बोगदा लागतो. २०१६ साली उघडलेला, सत्तावन्न किलोमीटरांचा. आपला पारसिकचा १९१६ चा, सुमारे १.३ किलोमीटरांचा, त्यात डोळे मिटायच्या आत बाहेर पडतो. तिकडे वीसेक मिनिटे अंधार. “मग काय, गप्पा मारू,” भाची म्हणाली. जावईबापू पहिल्यांदाच हसले.

व्हिसाचा नियम मला फार आवडला: जिथे सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. पॅरिस चार, ल्युसर्न तीन, व्हेनिस दोन, फ्लॉरेन्स तीन, रोम तीन. म्हणजे इटलीच्या आठ, तेव्हा इटली. तिकीट पासपोर्टावरच्या नावानेच हवे. त्यामुळे भाचीचे नाव लग्नात बदलावे असा जो विषय सासरी हळूच निघाला होता, तो निदान मेपर्यंत टळला. विहीणबाईंना हे सांगायचे काम जावईबापूंनी स्वतःकडे घेतले, आणि मला वाटते, त्या क्षणी त्यांनी माझ्या भाचीला मोटारीपेक्षा मोठे काहीतरी दिले.

फ्लॉरेन्सच्या तीन दिवसांपैकी दोन दिवस मोटार घ्यायची. टस्कनीच्या टेकड्यांत हिंडायचे, घाट टाळून, आणि फ्लॉरेन्सलाच परत करायची. उजव्या बाजूने हाकायचे, म्हणून आधी कल्याणच्या आर. टी. ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा. तो वर्षभर चालतो. मळमळीची गोळी भाची घेणार आहे. आगगाडीची चारही तिकिटे शेजारच्या जागांची. त्यांतली खिडकीची कुणी घ्यायची, यावर दोघे परवा माझ्या ओटीवर पुन्हा भांडत होती. पण आवाज वेगळा होता, म्हणून मी आत फराळाचे ताट वाढायला गेले.