काचेवरचे पाणी

पाण्याखाली उघड्या डोळ्यांनी पाहिले, तर स्वच्छ पाण्यातही सारे अंधुक दिसते. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम बुबुळापुढचा पारदर्शक पडदा करतो. परंतु त्याची आणि पाण्याची प्रकाश वळवण्याची क्षमता जवळपास सारखी असल्यामुळे पाण्यात ते काम थांबते. पोहण्याचा गॉगल डोळ्यापुढे हवेचा लहानसा कप्पा राखतो आणि दृष्टी परत मिळते.

आमच्या पिढीला हे साधन ठाऊक नव्हते. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार ज्या औंधातून केला, तेथे व्यायामाचे संस्कार घरोघरी होते. पोहण्याची शाळा मात्र विहीर हीच. पाठीला पत्र्याचा डबा बांधून वडीलधारे आम्हांला पाण्यात सोडत. खटाव तालुका कमी पावसाचा, म्हणून विहिरी खोल आणि शेतोशेती. माझ्या वर्गातील एक मुलगा अशाच विहिरीत पाय घसरून पडला. त्याला पोहता येत नव्हते. ते दप्तर पुढे कित्येक दिवस वर्गात तसेच होते. घरातील प्रत्येक मुलाला पोहता आलेच पाहिजे, हा माझा आग्रह तेव्हापासूनचा.

माझी नात सांगलीत राहते. वय अकरा, चष्म्याचा नंबर उणे साडेचार. तिच्यासाठी नंबरचा गॉगल घेतला होता. गेल्या मे महिन्यात ती औंधला आली आणि विहिरीच्या पायरीवर बसून म्हणाली, "आजोबा, मला कडा दिसत नाही. मी आता पोहणार नाही." मुलगी भित्री आहे, असा निष्कर्ष घरात निघू लागला. मी तिचा गॉगल हाती घेतला. आतल्या बाजूने काच दुधाळ झाली होती. चष्मा काढलेल्या त्या मुलीला एवढीच एक काच जग दाखवणार होती, आणि तीच आंधळी झाली होती.

दुकानात 'पाणी न धरणारा लेप' असे सांगून गॉगल विकले जातात. त्या शब्दांनी थोडा गोंधळ होतो, कारण काचेच्या दोन बाजूंच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. बाहेरच्या बाजूस पाणी झटकणारा लेप उपयोगी पडतो. अळवाच्या किंवा कमळाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे व मेणाचा थर असतो. त्यामुळे थेंब पसरत नाही, गोल होऊन घरंगळतो. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी 1997 मध्ये कमळपानाच्या या गुणाची उकल सहकाऱ्यासह प्रसिद्ध केली. बाहेरच्या लेपाचे काम याच जातीचे. डोके वर काढताच थेंब ओघळावेत, एवढेच.

आतली अडचण वेगळी. डोळ्याभोवतीच्या त्वचेतून उबदार ओलावा निघतो, काच मात्र विहिरीच्या पाण्याने थंड असते. त्या ओलाव्याचे असंख्य बारीक थेंब काचेवर जमतात आणि प्रकाश विखुरतात. येथे पाणी झटकणारा लेप लावला, तर थेंब अधिकच गोल होतील. म्हणून आतला लेप पाण्याशी सख्य करणारा असतो. तो ओलावा थेंब होऊ न देता पातळ, सपाट थरात पसरवतो आणि त्या थरातून आरपार दिसते. मोटारीच्या काचेसाठी मिळणारे द्रव्य म्हणूनच येथे निरुपयोगी. शिवाय डोळ्यांजवळ ते अपायकारकही ठरू शकते.

हा आतला लेप नाजूक असतो. बोटाने किंवा टॉवेलने पुसल्यास तो झिजतो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर त्यावर घसारा पहिल्या दिवसापासून लागू होतो. जपणुकीने आयुष्य वाढते इतकेच. नात दर दोन फेऱ्यांनी आतून बोट फिरवत असे. आम्ही नेम ठरवला: पोहून झाल्यावर साध्या पाण्याने खळबळायचे, सावलीत वाळवायचे, आत बोट लावायचे नाही. झिजलेल्या लेपावर तात्पुरता उपाय म्हणून लहान मुलांच्या सौम्य शाम्पूचा पाण्यात मिसळलेला एक थेंब आत फिरवून नीट धुऊन टाकला. शाम्पूमुळेही पाणी पसरते. नीट धुतले नाही, तर डोळे चुरचुरतात.

चौथ्या दिवशी वडिलांच्या सोबतीने तिने विहीर आडवी पार केली. मध्यावर ती क्षणभर थांबली, समोरच्या दगडी कड्याकडे पाहिले आणि पुढे निघाली.

ज्यांच्या घरी चष्मा लावणारी मुले आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: मूल पाण्याला भिते असे म्हणण्यापूर्वी, काही वेळ पोहून झाल्यावर त्याचा गॉगल स्वतः डोळ्यांपुढे धरून पाहावा. पट्टा फार आवळू नये. घट्ट गॉगलमुळे डोळ्यातील दाब वाढू शकतो. म्हणून काचबिंदू असलेल्या माझ्या समवयस्कांनी तो वापरण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना अवश्य विचारावे.