झेंड्याशिवायची सहल

पुणे, रविवार

ती. सौ. मावशीस,

सा. न. वि. वि.

तुम्ही दोघांनी या वेळी टूर कंपनीशिवाय, आपलं आपण व्हिएतनामला जायचं ठरवलंय हे आईकडून कळलं. मागोमाग तुझा मेसेज आला, त्यात सतराशे साठ प्रश्न. फोनवर उत्तरं देत बसले तर निम्मी तू विसरशील आणि निम्मी मी, म्हणून पत्रच लिहिते. काकांनाही वाचायला दे, विशेषतः पैशांचा आणि औषधांचा भाग.

आधी एक सांगते, टूरवाल्यांना नावं ठेवू नकोस. तुम्ही युरोप पाहिलात तो त्यांच्यामुळे. आल्प्सच्या पायथ्याशी गरम पोळी-भाजी वाढून त्यांनी कितीतरी मराठी घरांना परदेश दाखवला. पण तिथे आपण पैसे मोजतो ते मुख्यतः ठरवायचं काम दुसऱ्याने करावं म्हणून. किती वाजता उठायचं, कुठल्या चौकात किती वेळ थांबायचं, फोटो कुठे काढायचे, सगळं त्या झेंडा धरून पुढे चालणाऱ्या मुलाच्या हातात. आता ते काम तुमच्याकडे येतंय. त्यावर माझा सल्ला एकच आहे, बाकीचं पत्र त्याचाच विस्तार समज: जे चुकलं तर निस्तरता येणार नाही, ते घरी बसून ठरवा, जे चुकलं तरी बिघडत नाही, ते तिथे गेल्यावर ठरवा. लोक नेमकं उलटं करतात. मिनिटामिनिटाचा तक्ता तयार असतो, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळतं का हे कुणी पाहिलेलं नसतं.

तर पहिलं काम कागदांचं. पासपोर्टची मुदत पुढे निदान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसा ऑनलाइन मिळतो. एकदाच प्रवेश करायचा तर 25 डॉलर, पुन्हा पुन्हा ये-जा करायची तर 50. ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा देतात. अर्ज त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरच करायचा. गूगलवर शोधलंस की वरच्या जाहिरातींत एजंटांची पानं येतात, दिसायला अगदी सरकारी. तिथे त्याच कामाचे जास्तीचे पैसे जातात. तीन कामाचे दिवस लागतात म्हणतात, पण त्यात शनिवार-रविवार आणि त्यांच्या सणांच्या सुट्ट्या धरलेल्या नसतात. म्हणून महिनाभर आधीच उरकून टाक. कुठल्या विमानतळावर उतरणार हेही अर्जात लिहायचं असतं, तेव्हा आधी मार्ग पक्का, मग अर्ज. अर्ज नाकारला गेला तरी फी परत मिळत नाही.

नावाचं आपल्याकडे जरा अवघडच असतं. आधारवर एक, बँकेत दुसरं, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर माहेरचं. यातलं कुठलंही चालणार नाही. पासपोर्टवर जे छापलंय, मधल्या नावासकट, अक्षर न अक्षर तेच व्हिसावर आणि तेच तिकिटावर. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे पडले नाहीत ना, तेही पाहून घे.

आता कधी जायचं ते. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत देश साधारण 1,650 किलोमीटर लांब, त्यामुळे हवा सगळीकडे एकसारखी कधीच नसते. जानेवारीत हनोईत स्वेटर लागतो, त्याच दिवशी दक्षिणेत घाम निथळत असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मधल्या किनाऱ्यावर वादळं आणि पूर येतात. तिथल्या होई आन गावाच्या गल्ल्यांत होड्या चालतात. तेत हा त्यांच्या नववर्षाचा सण जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो. तेव्हा सगळा देश आपापल्या गावी निघतो, गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद. मार्च-एप्रिल तुमच्यासाठी उत्तम. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, हो ची मिन्ह सिटीलाही आहे. एकीकडे उतरा, दुसरीकडून परत या. म्हणजे आलेली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही.

पहिल्या रात्रीचं हॉटेल मात्र घरूनच पक्कं करा, आणि न्यायला गाडी पाठवायला त्यांनाच सांगा. रात्रभर प्रवास करून पहाटे उतरलात तर खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही. म्हणून आदल्या रात्रीपासूनचे पैसे भर. तो खर्च वाया गेला असं काकांना वाटेल, वाटू दे. साठीच्या माणसानं परक्या देशातली पहिली सकाळ लॉबीतल्या सोफ्यावर डुलक्या घेत काढू नये. बाकीच्या मुक्कामांची हॉटेलं घ्या, पण आयत्या वेळी रद्द करता येतील अशी.

काकांच्या शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नव्हे. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि तिच्यावर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्या. प्रवासविमा काढताना मधुमेह लपवू नका. लपवलेला आजार निघाला की विमावाल्यांना पैसे नाकारायला आयतं कारण मिळतं. बँकेचे ओटीपी येतात ते भारतातलं सिम फोनमध्ये राहू दे आणि नेटसाठी तिथलं दुसरं घे. तिथे फिरायला ग्रॅब हे ॲप आहे, आपल्या ओला-उबरसारखं. भाडं आधी दिसतं, घासाघीस नाही. स्कूटर भाड्यानं घ्यायचा मोह काकांना नक्की होईल. देणारा परवाना विचारणार नाही, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच विचारेल.

पैशांनी सुरुवातीला गोंधळायला होतं. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग, म्हणजे उतरताच तुम्ही लक्षाधीश. हिशेब असा कर: शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला साडेतीननं गुणायचं. लाख डाँग म्हणजे साडेतीनशे रुपये धरून चाल, थोडं इकडेतिकडे. मोठ्या नोटा प्लॅस्टिकच्या, गुळगुळीत, आणि सगळ्यांवर हो ची मिन्ह. त्यात 20,000 ची निळी आणि 5,00,000 चीही निळसरच. पहिली दिली की साठ-सत्तर रुपये जातात, दुसरी दिली की सतराशे. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात दोन्ही एकच वाटतात. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेव आणि देताना शून्यं मोजून दे. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

खाण्याची तुला सगळ्यात जास्त धास्ती दिसते. खरं सांगायचं तर साध्या भाजीतही तिथे माशाचं सॉस पडतं, त्यामुळे ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘आन चाय’ म्हणायचं, म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. त्यात मासा नाही, अंडंही बहुतेक नाही. दुकानाच्या पाटीवर ‘चाय’ दिसलं की निर्धास्त आत शिर. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली पुष्कळ माणसं स्वतःच शाकाहार करतात. पंचांग बघून अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास गेलीस, तर एरवी मांसाहारी असलेल्या ठिकाणीही चायचं काहीतरी मांडलेलं सापडेल. दशम्या फक्त विमानापुरत्या ने. मेतकुटाची पुडी मात्र ठेव, भात जिकडेतिकडे मिळतो.

घरून करायचं इतकंच. इथून पुढे सगळं सैल सोड.

हनोईत जुन्या शहरातल्या गल्ल्यांना तिथल्या धंद्यांची नावं आहेत, आपल्या तांबट आळी-बुरुड आळीसारखी. हांग बाक चांदीची, हांग मा कागदी वस्तूंची. तिथे कसलीही यादी घेऊन जाऊ नका. रस्ता ओलांडायची रीत तेवढी शिकून घ्या. स्कूटरींचा लोंढा थांबेल म्हणून वाट बघाल तर संध्याकाळ होईल. पाऊल टाकायचं, एकाच संथ चालीनं चालत राहायचं. पळायचं नाही, थबकायचं नाही, मागे तर फिरायचंच नाही. चालवणारे तुमच्या चालीचा अंदाज घेऊन दोन्ही बाजूंनी निघून जातात. मोटारी आणि बस मात्र आधी जाऊ द्यायच्या.

साहित्य मंदिर चुकवू नकोस. 1070 मध्ये बांधलेलं कन्फ्यूशियसचं देऊळ ते, पुढे तिथेच विद्यापीठ झालं. अंगणात दगडी कासवांच्या पाठींवर 82 शिलालेख उभे आहेत. 1442 पासून 1779 पर्यंतच्या राजपरीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं त्यांवर कोरलेली आहेत. आयुष्यभर निकालपत्रकं लिहिलेल्या बाईनं हे निकालपत्रक बघायलाच हवं.

आणि कॉफी. पत्र्याचं बुटकं गाळणं पेल्यावर ठेवून देतात, त्याला ‘फिन’ म्हणतात. तळाशी दाट गोड दुधाचा थर, वर काळे थेंब, एकेक करून पडणारे. झाकण उचललं, पेला हलवला, तरी त्याचा वेग बदलत नाही. ती चार-पाच मिनिटं करण्यासारखं काही नसतं. समोरच्या फुटपाथवर बाई भाजी निवडतेय ते बघायचं. टूरवर असतो तर एव्हाना बसमध्ये बसायची हाक आली असती. स्वतंत्र जाण्यातलं सुख मला विचारशील तर इथे आहे. पेला संपल्यावर अजून एक मागवायचा की उठायचं, हे विचारायला कुणीही येत नाही. काकांना ‘खोंग दुओंग’ म्हणायला शिकव, म्हणजे साखर नको; दुधाशिवायची काळी घ्यावी लागेल. बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर गुडघे कुरकुरतील, तर खुर्ची माग, देतात.

हनोईहून खाली जाताना सगळा प्रवास विमानानं करू नका. ह्युए ते दा नांग हा टप्पा दिवसाउजेडी रेल्वेनं करा, अडीच-तीन तासांचा आहे. गाडी हाय वान घाटातून अगदी समुद्राच्या काठाकाठानं जाते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, तेव्हा जागा डावीकडची. ह्युए ही 1802 ते 1945 पर्यंतची राजधानी. राजवाड्याला अर्धा दिवस लागतो, आणि बौद्ध मठांमुळे शाकाहारी जेवण तिथे फार चांगलं मिळतं.

मग होई आन. जुनं बंदर, पिवळ्या भिंती, कंदील, आणि दिवस-दोन दिवसांत कपडे शिवून देणारे शिंपी. आल्या दिवशीच माप दे, म्हणजे बदल करायला वेळ राहतो. इथे दोन रात्री कमी पडतील, चार धर. तिथून चाळीसेक किलोमीटरवर मी-सन आहे. चंपा या जुन्या राज्याच्या राजांची शिवमंदिरं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं इथे भद्रेश्वराची स्थापना केली, आणि पुढे कित्येक शतकं बांधकाम चालू राहिलं. लाल विटांच्या सांध्यांत चुना दिसत नाही. 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत बरंच उद्ध्वस्त झालं, तिथले खड्डे अजून दिसतात. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे जतनाचं काम करत होती, तेव्हा 2020 मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. शिलालेख संस्कृतातही आहेत. सकाळी दरवाजा उघडतानाच पोहोचा. दहानंतर ऊन आणि झेंडे दोन्ही येतात.

काकांना एक निरोप. शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यामुळेच व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं आणि तिथे महाराजांचा पुतळा उभा आहे, हा मजकूर त्यांनी आपल्या ग्रुपवर दरवर्षी टाकलाय. त्याचा पुरावा कुणी दिलेला मी पाहिलेला नाही. पुतळा शोधत हिंडू नका म्हणावं. मी-सनचं शिवलिंग खरं आहे, तिकडे जा.

तुझा शेवटचा प्रश्न, सगळा देश बघून होईल का? नाही होणार. हा लाँग उपसागरातल्या बेटांसाठी वेळ उरला तर जा, नाही उरला तर जाऊ दे. यादी पुरी करायची असेल तर टूर कंपनीच चांगली, ते काम त्यांना तुमच्यापेक्षा शंभरपट उत्तम जमतं. तुम्ही निघालाय ते आवडलेल्या ठिकाणी आणखी एक दिवस राहता यावं म्हणून, आणि त्यासाठी दोन-चार ठिकाणं सोडावीच लागतात.

तेव्हा या आठवड्यात पासपोर्टची मुदत बघा आणि तिकिटं स्वतःच्या कार्डावर स्वतः काढा. व्हिसाचा अर्ज पाठवण्याआधी मला दाखवा. नाव आणि तारखा तपासून देईन. त्यापलीकडे मी काही करून देणार नाही, कारण मी केलं तर ती पुन्हा दुसऱ्यानं ठरवलेली सहल होईल.

काकांना नमस्कार. कळावे, लोभ आहेच.

तुझी,
भाची