दावत, वळीव आणि तवक्कुल

आपल्याकडे वलीम्याची तारीख ठरली की घरोघरी बैठका सुरू होतात. मटण किती किलो आणायचं, बिर्याणीबरोबर दालचा की कोर्मा, बावर्ची सोलापूरचा बोलवायचा की गावातलाच, यावर रात्री बारापर्यंत बोलणं चालतं. मंडप उघड्या मैदानात आणि महिना मे. तरीही वळवाचा पाऊस आला तर काय, हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही. काढलाच तर वडीलधारे म्हणतात, "शुभ काम आहे, वाईट का बोलायचं? अल्लाह मालिक आहे."

अल्लाह मालिक आहे, यात शंकाच नाही. पण तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितलं होतं. ही हदीस आपल्या मदरशातल्या लहान मुलांनाही माहीत असते. आणखी एक गोष्ट आहे. पावसाने रस्त्यात चिखल झाला असेल तर लोकांनी घरीच नमाज अदा करावी, असं अजानीतून पुकारण्याची सवलत आपल्या दीनमध्ये आहे. फर्ज नमाजेच्या जमातीसाठी हवामान बघितलं जातं, तर दावतीसाठी ते बघण्यात अपशकुन कसला?

दुसरी अडचण कॅलेंडरची. आपल्या लग्नांचे महिने चंद्रावर ठरतात. मोहरममध्ये लग्न नको, दोन ईदांमधला 'खाली' महिना नको, असं जुनी माणसं धरून चालतात. शरीयतमध्ये याला आधार नाही, पण रिवाज आहे. त्यात शाळांच्या सुट्ट्या बघायच्या, म्हणजे उरतात मोजकेच दिवस. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे आपले महिने साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतात. २०१८ साली रमजान ईद १६ जूनला होती, २०२५ साली ३१ मार्चला. "शव्वालमध्ये आमच्या लग्नात तर थंडी होती," असं दादी सांगते ते खरंच असतं, पण तिचा शव्वाल वेगळ्या ऋतूत आला होता. आणि आता ऋतूही जुन्या तारखा पाळत नाहीत. मान्सून मुंबईत पोचण्याची नेहमीची तारीख ११ जून; २०२५ साली तो २६ मेलाच येऊन थडकला.

चार वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका वलीम्यात काय झालं, ते मी अजून विसरलेले नाही. दुपारी चारच्या सुमारास आधी धूळ उठली, मग वारा, मग गारा. मर्दान्याकडे पत्र्याचं छत होतं, कारण तिथे पाहुणे पुढारी बसणार होते. आम्हा बायकांकडे चारी बाजूंनी कनात आणि वर नुसतं रंगीत कापड. कापडात पाणी साचलं, झोळ आला आणि एक बाजू दस्तरख्वानावरच बसली. बाहेर पडायची वाट मर्दान्यातून होती, म्हणून कडेवर लेकरं घेतलेल्या बायका क्षणभर अडून राहिल्या. त्या गर्दीत एक वयस्कर खाला चिखलात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या आजही काठीशिवाय चालत नाहीत. नंतर कुटुंबात चर्चा झाली ती बिर्याणीच्या दोन डेगा वाया गेल्याची.

यंदा माझ्या भाच्याचा वलीमा मैदानातच ठरला, तेव्हा मी भावाला म्हटलं, "छप्पर आधी जनान्यावर घाल, मग तुमच्याकडे." तो हसला आणि म्हणाला, "आपा, खर्चा बढ रहा है." स्टेजवरची फुलं कमी करून तो खर्च बसला. जनान्याला मैदानाच्या मागच्या बाजूने वेगळी वाट काढली. शेजारच्या शाळेचे दोन वर्ग संस्थेकडे अर्ज देऊन मागून ठेवले. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण विजा कडकडत असताना मंडप हा आसरा नसतो आणि झाडही नसतं. पक्की इमारत किंवा बंद गाडी, एवढंच सुरक्षित. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर यायचं नाही, हे एका भाच्याला माईकवरून सांगायला नेमलं. बावर्चीच्या चुलींवर पत्रे टाकले, लाकडं झाकली. वायरी जमिनीवरून न नेता वरून नेल्या आणि जनरेटर उंचवट्यावर ठेवला. सकाळपासून दोन पोरं मोबाईलवर हवामान खात्याचा तीन तासांचा अंदाज आणि पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप बघत होती. विजेचा इशारा त्यात मिळतो.

त्या दिवशी पाऊस आला नाही. "आपा, पैसे पानी में गए, और पानी भी नहीं आया," असं भाऊ म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. पण संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं, तेव्हा जनान्यात एकही बाई उठून वर बघत नव्हती. सगळ्या निवांत जेवत होत्या.

पावसाला वाईट म्हणू नये, तो रहमत आहे. आपल्याच नात्यातले कितीतरी शेतकरी त्याची वाट बघत असतात. मेहमानही रहमतच. दोन्ही एकाच दिवशी आले तर दोघांना जागा असावी, एवढी तजवीज यजमानाने करायची. बाकी अल्लाहच्या हाती.

तुमच्या घरी या हंगामात दावत असेल, तर मंडपवाल्याला इसार देण्याआधी दोन प्रश्न विचारा. बायकांच्या डोक्यावर काय आहे? आणि त्यांना बाहेर पडायची वाट कुठून आहे?